तोंड वाऱ्याकडे

पंचायत समितीतून आलेल्या खोक्यात
बारा देश होते,
घोटीव कागद, डिंकाच्या बाटल्या, एक बोथट कात्री
आणि छापील सूचना: दर शनिवारी एक संस्कृती.

इजिप्तला मुंग्या लागल्या.
दुर्वेशने पिरॅमिड कणकेच्या खळीने चिकटवला होता.
मेक्सिकोच्या कातरलेल्या पताका बघून
सरपंचांच्या आईने विचारलं, पूजा कधी?
मी सांगितलं, तिकडे गेलेली माणसं
वर्षातून एकदा घरी जेवायला येतात, त्यांच्यासाठी.
म्हणजे म्हाळच की, असं म्हणून
ती पाण्याला निघून गेली.

तिसऱ्या शनिवारी जपान.
तिथे उंच काठीला मासे बांधतात,
घरातल्या प्रत्येक मुलाचा एक;
वारा पोटात शिरतो आणि मासा पोहतो.
मी फळ्यावर मासा काढला.
पूर्णगडची पाचवी गप्प.
मग मागच्या बाकावरून, हळूच:
बाई, कल्ले?

मी मलकापूरची, आंबा घाटाच्या वरची.
आमच्या घरी मासा एकच, कॅलेंडरवरचा,
ज्याच्या तोंडातून विष्णू बाहेर येतो.
पुढचा अर्धा तास मी बाकावर बसले
आणि त्यांनी मला शिकवलं
खवला कुठून कुठे चढतो,
शेपटीआधी ती बारीक परं कशाला,
बांगड्याची पाठ निळी की हिरवी
(यावर वर्गात दोन तट पडले, अजून आहेत).
जपानचा मासा कुणी केलाच नाही.
सुरमया झाल्या, सौंदाळे झाले,
रिधिमाचा पापलेट झाला.
तो उडायचा नाही, सगळे म्हणाले,
चपटा आहे, वारा भरणार कुठे?
तिने तरी केला.

तोंडाला गोल कडी हवी. सूचनेत तार लिहिली होती.
आल्या आयांच्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या.

आफियाने खरे खवले लावले, जिताड्याचे,
धुऊन, उन्हात वाळवून, एकावर एक.
असा मासा मी जन्मात पाहिला नव्हता.
रात्री मांजराने जपान खाल्लं.
सोमवारी सुतळीला उरली
नुसती बांगडी, हिरवी.

ती रडली नाही. आजोबांना घेऊन आली.
इसाक वस्ता, बत्तीस वर्षं बोटीवर,
आता गुडघे गेलेले.
काठीखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले.
कोबे बंदरात बघितलेत मी हे, म्हणाले.
कापडाचे होते. एसटीएवढे लांब.
मुलं पुढचं ऐकायला सरकली.
पुढचं काय, पोरांनो.
पाऊस होता, आणि मला घरचं पत्र आलेलं नव्हतं.

जपान कुठल्या अंगाला, दुर्वेशने विचारलं,
आणि उत्तराआधीच सगळे हात समुद्राकडे.
परदेश तिकडेच असतो.
कुवेत तिकडे, मस्कत तिकडे,
रिधिमाचे बाबा तिकडे.
आजोबांनी समुद्राला पाठ केली,
हातातली काठी उचलली,
खाडी, पूल, आमराया, सड्यावरचा टॉवर,
त्यामागचा निळा डोंगर...
तिकडे.
तिकडे तर बाईंचं गाव, आफिया म्हणाली.
त्याच्याही पलीकडे. पुष्कळ.
आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मीच कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा.
साडेसातला मतलई अजून वाहत होती,
डोंगरावरून उतरलेली, गार.
एकवीस मासे घाटाकडे तोंडं करून पोहत होते,
पापलेटसुद्धा, जरा तिरका.
खोक्यातला चौथा देश मी उघडलाच नाही.
अकराला वारा पडला.
सगळे लोंबले, बाजारात टांगल्यासारखे.
शाळा सुटली तरी दप्तरं पाठीवर घेऊन
मुलं अंगणातच, माना वर.
घरी जा म्हटलं तर म्हणतात, थांबा बाई,
आता खारा वारा येईल, आता फिरतील.

आधी हलली ती
हिरवी बांगडी.